जेवणघरातली टाकी

मी बी.ए. झालो त्या साली आमच्या शिवारात दुसरा बी.ए. नव्हता. तेलगावापासून धारूरच्या डोंगरापर्यंत हुडकला असता तरी सापडला नसता. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची रीत आहे. मी मिरवायलाच सांगतो. माझ्या बापाला सही येत नव्हती, तो अंगठा उठवायचा. त्याच्या पोरानं हैदराबादेत चार वर्षं खानावळीची पाण्यासारखी डाळ पिऊन पदवी घेतली, तर ती मिरवायची कोणी, शेजाऱ्यानं?

पण त्याच साली, घटस्थापनेपासून दिवाळी होऊन जाईपर्यंत, मी रोज सकाळी आमच्या देशमुखांच्या जेवणघरात जात होतो, सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारत होतो आणि एका काचेच्या टाकीतून मेलेले मासे आणि फुगलेला भात हातानं उपसत होतो. आता इतकी वर्षं झाली, तरी कुठं येसराच्या आमटीला उकळी फुटली की मला आधी त्या पाण्याचा वास येतो आणि मग मसाल्याचा. आमच्या घरात येसर होत नाही. पाहुण्यांना वाटतं, मास्तरांना पित्त आहे.

हे मी का केलं, ते आधी सांगतो. मला गावात मराठी शाळा काढायची होती. सरकारी मदरसा होता तो साडेतीन कोसांवर, आणि तिथं सगळं उर्दूतून. मी तिथूनच शिकलो, जाऊन-येऊन रोज सात कोस चाललो. उर्दूशी माझं भांडण नाही. बी.ए.ला तेव्हा शास्त्रही घेता यायचं, आणि माझं सगळं शास्त्र उर्दूत झालं, प्राणिशास्त्राला मनातल्या मनात मी अजून हैवानियातच म्हणतो. पण सहा-सात वर्षांचं पोर सात कोस चालत नाही, आणि चाललंच तर ज्या बोलीत ते भाकर मागतं ती बोली तिथं कोणी ऐकत नाही. म्हणून आमच्या गावात अक्षर आलेली घरं तीन होती. एक देशमुखांचं, एक कुलकर्ण्याचं, आणि मेहेरबानी नशिबाची, एक आमचं.

निजामाच्या राज्यात खाजगी शाळेला इजाजत लागायची. ओसरीवर चार पोरं बसवून बाराखडी घोकून घेतली तरी पाटलानं वर कळवायचं असा हुकूम होता. मी पास झाल्या झाल्या दरख्वास्त दिली. ती पाच महिने तहसिलीत पडून होती. मी गेलो की तिथला कारकून, पेशकार, म्हणायचा, "आज साहब दौरे पे हैं." साहेब जागेवर असले की म्हणायचा, "आज साहब का मिजाज ठीक नहीं." पंधरवड्याला एकदा मी हे ऐकायला चालत जायचो आणि ऐकून चालत यायचो.

अशातच देशमुखांचा निरोप आला.

देशमुखांनी त्या वर्षी गावाबाहेर नवा बंगला बांधला होता. हैदराबादेत कुण्या नवाबाकडे ते जेवून आले होते, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात जेवणघर बसलं होतं. नुसतं स्वयंपाकघर नाही, माजघर नाही, जेवायची वेगळी खोली. तिथं टेबल आणलं, सहा खुर्च्या आणल्या. टेबलावर कोणी जेवायचं नाही, कारण पाय लोंबते ठेवून घास उतरत नाही असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. पंगत आपली भिंतीकडेनं पाटांवरच बसायची. आणि पंगतीसमोर, चौरंगावर, ती टाकी. दोन हात लांब, हातभर उंच, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. हैदराबादहून परळीपर्यंत ती रेल्वेनं आली आणि परळीहून कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून. सोबत एका डब्यात बारा सोनेरी मासे पाठवले होते. परळीच्या स्टेशनावर डबा उघडला तर बाराही उताणे.

चारचौघांत देशमुख मला "या बीएसाहेब" म्हणायचे आणि कारभाऱ्याकडं बघून डोळा बारीक करायचे. एकट्यात अरे-तुरे. त्या दिवशी एकटेच होते.

"तू कालेजात जनावरांचं शिकलास म्हनं?"

"हैवानियात, सरकार. प्राणिशास्त्र."

"त्येच ते. मग ह्या टाकीला मासे निवडून दे. आपल्याच नदीतले चालतील, पन रंगाचे पायजेत. आन गरीब पायजेत. जेवताना समोर मारामाऱ्या नकोत. नवाबसाहेबाकडं बघितलं, असे फिरत हुते मासे, जसं कुनी रेशमी रुमाल पान्यात सोडलेत."

मी म्हणालो, "सरकार, मी शाळेच्या मागं आहे. माझा कागद..."

"त्याच्याचसाठी तर बोलावलं. अव्वल तालुकदारसाहेब दिवाळी झाली की दौऱ्यावर येनारंत. हितं जेवायला. पोटभर जेवले की साहेब सही करत्यात, म्या बघितलंय. तुजा कागद त्येंच्या ताटाशेजारी ठिवतो. तवर टाकी तू बघ."

तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा मालक. त्याची एक सही झाली की तहसीलदार, पेशकार, सगळे आपोआप सरळ होतात. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या शिक्षणाचं काम मला सांगितलं होतं.

मासे आणायला मी भोईमामाकडं गेलो. नदीच्या डोहावर त्याचं जाळं असायचं. मी पोरगा असल्यापासून तो मला ओळखायचा, म्हणून माझ्या पदवीचा त्याच्यावर काडीचा परिणाम झालेला नव्हता. मी त्याला शास्त्र सांगितलं. लहान तोंडाचे घ्यायचे, सारख्या मापाचे घ्यायचे, काही वरच्या पाण्यात राहणारे, काही तळाला, म्हणजे जागेवरून भांडण नाही. मरळ नको, वाम नको, मिशावाला शिंगटा नको. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन ह्ये पुस्तकातले मासे कुठल्या नदीचे हायत?"

मी पहिला निवडला तो काचकी. नखाएवढा चपटा मासा, अंग असं पारदर्शक की आतला काटा मोजावा. उन्हात धरला तर त्यातून पिवळी-तांबडी झाक मारते. मला वाटलं, याच्याइतका निरुपद्रवी जीव दुसरा नसेल.

"त्यो?" मामा हसायलाच लागला. "बीए, त्यो दुसऱ्याच्या अंगावरची खवलं खरडून खातो. हात न लावता सोलतो. आठ दिसात तुजे बाकीचे मासे नागवे."

"पुस्तकात तर असं..."

"पुस्तकाला खवलं कुठं हायत?"

मग त्यानं मला त्याची रीत दाखवली. एक रुंद तोंडाचं मडकं. त्यात एक बारकी, लांब शेपटीची मासोळी सोडायची, आणि ज्याची पारख करायची तो मासा तिच्यासोबत दोन दिवस ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तिची शेपूट बघायची. शाबूत असली तर नवा मासा गरीब. कुरतडलेली असली तर तो मासा थेट कालवणात. अशी त्यानं आठ मडकी ओळीनं मांडली. मी रोज शेपट्या बघायला जायचो. त्यातून शेवटी तीन जाती निवडल्या. एक चंदेरी, शेपटीच्या बुडाला काळा ठिपका आणि नराच्या कुशीला कुंकवासारखी लाली. दुसरे निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, पाण्याच्या वरच्या थरात सुळसुळणारे. आणि तळाला चार मुऱ्या, वाळूत तोंड घालून पडलेलं वेचणाऱ्या. मामा म्हणाला, "झाडलोटीला."

तीस मासे टाकीत सोडले तेव्हा सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून येत होतं. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसली. देशमुख खुर्चीवर बसून अर्धा तास बघत राहिले. फक्त एकदा म्हणाले, "एखादी मरळ असती तर मर्दानी दिसली असती," मी म्हणालो, मग बाकीचे दिसणार नाहीत. त्या एका सकाळपुरती मला माझ्या बी.ए.ची किंमत वसूल झाल्यासारखी वाटली.

दुपारी पंगत बसली आणि सगळं बिघडलं.

आमच्याकडं एक रीत आहे, ती कोणाला शिकवावी लागत नाही. जित्या जिवासमोर एकट्यानं जेवायचं नाही. दारात कुत्रं बसलं असलं तर पहिला घास त्याचा, गाय आली तर गायीचा, भिंतीवर कावळा असला तर त्याचा. ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी आई मुंग्यांना पीठ टाकायची. पण हैदराबादच्या नवाबाकडं ही रीत नव्हती, आणि देशमुखांकडं होती, आणि देशमुखांनी तीस जीव नेमके पंगतीसमोर आणून ठेवले होते. पहिला पाहुणा पाटावर बसला, त्यानं टाकीकडं बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला, येसराच्या आमटीत बुडवला, उठून टाकीत टाकला आणि मग जेवायला बसला. त्याच्यामागं दुसरा उठला. एकानं घातल्यावर दुसऱ्यानं न घालणं म्हणजे उपाशी जिवाला बघत खाणं. त्या दिवशी पंगतीला चौदा माणसं होती.

संध्याकाळपर्यंत पाण्यावर तर्रीचा लाल थर आला. सकाळी तळाला भात फुगून बोटाएवढा झाला होता, आणि त्याला पांढरी लव आली होती. दोन मासे मेलेले.

मी देशमुखीणबाईंकडं गेलो. घर त्यांच्या हातात होतं, आणि त्यांच्या तोंडापुढं देशमुखांचंही चालायचं नाही.

"बाईसाहेब, माशांना एवढं चालत नाही. पाणी कुजतं. मी त्यांना बघून चिमूटभर पीठ घालतो, तेवढं पुरतं."

"तू घालतूस त्यो तुजा घास. आमचा आमी घालू."

"त्यानं मरतात ते."

"खाऊन कुनी मरतं का? कावून, मासं काय आजारी हायत? त्येंच्या तोंडाकडं बघत आमी गिळायचं, आन त्येंनी काचंला नाक लावून बघायचं? आमच्या घरात असं जेवन उतरत न्हाई."

देशमुखांना म्हणालो, टाकी दिवाणखान्यात हलवू. तिथं कोणी जेवत नाही. तर ते तडकले. "नवाबाच्या जेवनघरात बघितलीय म्या. कुठं ठिवायची त्ये मला शिकवतूस का बे? आन ध्येनात ठेव, साहेब येतील तवा टाकीत सगळं जितं पायजे. एक बी मासा मेला तर साहेबांपुढं माजं काय ऱ्हायलं? आन तुज्या कागदाचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भोईमामाकडून दोन मासे आणले आणि मेलेल्या दोघांच्या जागी सोडले. कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, दोनच तर आहेत.

मग ते रोजचं झालं. रोज उजाडताना मामा ओल्या फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं घेऊन मागच्या दाराला यायचा. मी आत हात घालायचो. ते पाणी कोमट आणि बुळबुळीत असायचं, लग्नातल्या खरकट्याच्या हौदासारखं. बोटांना आधी भात लागायचा, मग भाकरीचा लगदा, मग मासा. मेलेला मासा बुळबुळीत पाण्यात बोटाला लागतो तेव्हा तो काय आहे ते हाताला डोळ्याआधी कळतं. एकदा एका चंदेरी नराच्या तोंडात मटणाचा दोरा अडकलेला होता, दोन बोटं लांब, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यानं तो गिळायचाही प्रयत्न केला होता आणि थुंकायचाही. त्या दिवशी मी मागच्या अंगणात जाऊन ओकलो. शिवाय रोज अर्धी टाकी उपसून ताजं पाणी भरायचं, काच पुसायची, मेलेले धोतराच्या सोग्यात बांधून शेवग्याच्या मुळाशी पुरायचे, हात राखेनं तीनदा घासायचे. आणि मग घरी जाऊन आईच्या हातची भाकर त्याच हातानं खायची.

मी मेलेले मासे मोजत होतो. शिकलेला माणूस, मोजल्याशिवाय राहवत नाही.

मामा एकदा म्हणाला, "बीए, माजं ऐक. शिंगटा ठेव. काळा हाय, मिशावाला हाय, पन उष्टं खाऊन जगतो. जेवनघराचा मासा त्योच."

मी देशमुखांना विचारलं. ते म्हणाले, "त्यो बेंगरूळ? साहेबांपुढं?"

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग डोह तरी दुसरा बघ. ह्या डोहातलं रंगाचं मासं सपत आलं. तुजी टाकी माजा डोह खाती."

सगळ्यांत जास्त किळस मला या गोष्टीची नव्हती. पाण्याची किळस हात धुतला की जाते. माझ्या अंगावर काटा यायचा तो देशमुख पाहुण्यांना टाकी दाखवायचे तेव्हा. "महिना झाला, एक बी मेला न्हाई. आमच्या बीएनं निवडल्यात." चौसाळ्याचा एक सावकार होता, तो चमचा भरून दही टाकीत घालायचा आणि म्हणायचा, "थंड असतंय." एकजण पान खाऊन आला होता, त्यानं सुपारीचं खांड घातलं. सगळे कौतुकानं बघायचे, आणि मी कोपऱ्यात उभा राहून मान डोलवायचो. चार वर्षं शास्त्र शिकून मी एवढंच शिकलो होतो, की मान कधी डोलवायची.

मी सोडून का दिलं नाही, असं कोणी विचारेल. सोडलं असतं तर शाळा गेली असती. एवढंच उत्तर आहे, आणि ते मला तेव्हा पुरत होतं.

तालुकदारसाहेब भाऊबिजेनंतर चौथ्या दिवशी आले, दुपारच्या जेवणाला. सडपातळ, पांढरी शेरवानी, पोटाच्या विकारानं चेहरा उतरलेला. सोबत तहसीलदार आणि माझा तो पेशकार. त्या दिवशी मी पहाटेपासून टाकी पूर्ण रिकामी करून घासली होती, विहिरीचं पाणी भरलं होतं, आणि मामानं दोन कोस वरच्या डोहातून तीस ताजे मासे आणले होते. शिवाय दहा मासे राखीव, मडक्यात. ते मडकं घेऊन तो मागच्या दाराआड बसला होता. देशमुखांना माहीत नव्हतं तो तिथं का बसलाय. त्यांना वाटलं, माशांचा माणूस, बसला असेल.

साहेब टेबलाशी खुर्चीवर बसले. बाकीचे पाटांवर. मला कोणी बस म्हणालं नाही. मी टाकीपाशी उभा होतो. माझा कागद साहेबांच्या ताटाच्या उजव्या अंगाला ठेवलेला होता, त्यावर मिठाचं वाडगं वजन म्हणून.

पंगतीनं रिवाजाप्रमाणं घास घातला. एकेक जण उठला, टाकीत टाकून आला. साहेबांनी विचारलं, "ये क्या है?" देशमुखांनी सांगितलं, आमच्याकडं जिवाला घातल्याशिवाय जेवत नाहीत. साहेबांना ते फार आवडलं. "वाह. बहुत नेक रस्म है." आणि स्वतः उठले, ताटातला मटणाचा तुकडा रश्शासकट उचलला आणि टाकीत सोडला. तुकडा तळाला गेला, तेल वर आलं. पट्ट्यांचे मासे तेलाखाली येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पंगतीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, साहेबांचा घास कसा आवडीनं खात्यात." ते खात नव्हते. त्यांना हवा कमी पडत होती.

साहेब वाकून बघत होते. "इतना खिलाते हो, मरती नहीं?"

"एक भी नहीं मरी हुजूर," देशमुख म्हणाले. "सव्वा महिना हुआ. ये हमारे बीए हैं, इन्होंने चुनी हैं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "क्यों भई?"

माझ्या डोक्यात आकडा तयार होता. आदल्या दिवशीपर्यंतचा. दाराच्या फटीतून मला मामाचा गुडघा आणि मडक्याचा काठ दिसत होता. टाकीत मागच्या कोपऱ्यात एक चंदेरी मासा तिरका व्हायला लागला होता, पोट वर. साहेबांनी तो बघितला. ते बघताहेत हे मी बघितलं. मग त्यांनी नजर उचलून पुन्हा माझ्यावर ठेवली आणि वाट बघत राहिले.

"जी नहीं, हुजूर," मी म्हणालो. उच्चार माझा चांगला होता. "एक भी नहीं."

"शाबाश," साहेब म्हणाले, आणि खुर्चीकडं वळले.

जेवण झाल्यावर त्यांनी कागद ओढला, दोन ओळी वाचल्या आणि सही केली. बोटं पुसली होती, तरी अंगठ्याचं तेल राहिलं होतं. सहीच्या खाली पिवळा ठसा उमटला. माझा बाप सही म्हणून उठवायचा तसाच. पेशकारानं तो कागद माझ्या हातात देताना मला पहिल्यांदा "मास्टर साहब" म्हटलं, आणि मला त्याच्या तोंडाची इतकी शिसारी आली की मी सलामसुद्धा डाव्या हातानं केला.

मागच्या दाराला गेलो तर मामा उठून उभा होता, मडकं कडेवर.

"ह्येंचं काय करू?" त्यानं विचारलं. "एक बी मेला न्हाई म्हनं. मग ह्ये कुनाच्या जागी सोडायचं?"

तो मडकं घेऊन नदीकडं गेला. दहा मासे परत डोहात सोडायला तो दोन कोस चालला.

दुसऱ्या दिवसापासून मी टाकीकडं गेलो नाही. देशमुखांनी दोनदा गडी पाठवला. तिसऱ्यांदा स्वतः मारुतीच्या देवळात आले, तिथं ओसरीवर मी पोरं जमवत होतो.

"टाकीला वास मारतोय. माशांचं बघ की."

"सरकार, सही झाली."

ते हसले. "हुशार हायेस बे तू," म्हणाले आणि गेले. मला कोणी शिवी दिली असती तर ती मला इतकी लागली नसती.

पाच दिवसांत टाकीतलं पाणी दुधासारखं झालं, नंतर हिरवं. देशमुखीणबाईंनी मासे संपल्यावर पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला म्हणतात. घास घालायला समोर कोणी उरलं नव्हतं, पंगत निवांत जेवायला लागली.

शाळा चालली. पहिल्या वर्षी एकोणीस पोरं. भोईमामानं त्याचा धाकटा आणून बसवला. पण दुपारी जाळं खांद्यावर टाकून जाताना ओसरीसमोर थांबायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "काय मास्तर, आज किती पोरं गैरहजर?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच ओरडायचा, "एक बी न्हाई!" हे गावात पसरलं. मी दुकानात गेलो तरी कोणीतरी विचारायचं, गुळाच्या ढेपेत मुंगळे किती, आणि चारजण मिळून उत्तर द्यायचे. ज्यांना मूळ काय ते माहीत नव्हतं तेही द्यायचे. मी बी.ए., आणि गावानं माझ्याकडून शिकलेलं पहिलं वाक्य ते.

उन्हाळ्यात देशमुखांनी ती टाकी शाळेला पाठवली. दोन गड्यांनी खांद्यावर आणली. घरात रिकामी काच नको, असं बाईसाहेबांचं म्हणणं पडलं होतं. देशमुखांचा निरोप होता, पोरांना मासे दाखव, शास्त्र शिकव. गड्यांनी ती ओसरीच्या कडेला ठेवली. तळाला अजून वाळलेल्या भाताचा पापुद्रा होता, पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता.

आमची ओसरी शेणानं सारवलेली. दर शनिवारी पोरं आणि मी मिळून सारवायचो, आणि शेण कालवायला आमच्याकडं धड भांडं नव्हतं. त्या शनिवारी मी टाकीत दोन पाट्या शेण ओतलं, बादलीभर पाणी घातलं आणि बाही कोपराच्या वर सारून हात घातला. शेणाची मला कधी किळस आलेली नाही.

मामा पोराला न्यायला आला होता. टाकीच्या काठावर हात ठेवून उभा राहिला. काचेतून आत शेण फिरताना दिसत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता कुनी साहेब-सरकार न्हाई हितं. खरं सांग, किती मेलं?"

"एकशे सव्वीस," मी म्हणालो. "साहेब आले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत. त्या दिवशीचे मी मोजले नाहीत."

त्यानं मान हलवली. "न्हाई. एकशे एकतीस."

"मी रोज मोजत होतो, मामा."

"तू टाकीतलं मोजलंस. पाच वाटंतच मेलं हुतं, मडक्यात. बाभळीखाली टाकून आलो आन कमी आनलं. तुला सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, भोई असून मामाला मासे आनता येत न्हाईत."

त्यानं जाळं खाली ठेवलं, धोतराचा काचा मारला आणि माझ्या शेजारी बसून टाकीत हात घातला. पोरं ओसरीवरची बस्करं उचलायला लागली होती, आणि शेण अजून नीट कालवलेलं नव्हतं.